घाटात बसणारी जुनी डिझेल एसयूव्ही: पिकअप नेमका कुठे अडतो ते कसं शोधायचं

सपाट रस्त्यावर गाडी छान चालते. नाशिकच्या द्वारका चौकातून ओझरपर्यंत काही तक्रार नाही. पण सहा-सात माणसं भरून सप्तशृंगी गडाला निघालं, पायथ्याची नांदुरी सोडली, की थोड्या वेळात गाडी बसते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी इंजिन ऐकत नाही, मागून एसटी हॉर्न मारते, दुसऱ्या गिअरवर रखडत कशीबशी पुढची रुंद जागा गाठायची. गाडी बंद करून पाणीबिणी पिऊन परत चालू केली, तर पुन्हा तरतरीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली की मिस्त्री उभ्या उभ्या दोनदा रेस देतो आणि म्हणतो, "काही नाही साहेब, एक नंबर आहे गाडी." मग एअर फिल्टर, मग डिझेल फिल्टर, मग टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली, आणि पुढच्या वेळी घाटात पुन्हा तेच.

हे सगळं कॉमन रेल डिझेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच, मोठ्या दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ते) आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या, दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या गाड्यांबद्दल आहे. नाशिकमध्ये अशा गाड्यांना तोटा नाही. स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली ती इथल्याच कारखान्यातून, बोलेरोही इथलीच. त्यामुळे जुन्या एसयूव्हीचे पार्ट आणि त्यावर हात बसलेले मिस्त्री शहरात सहज मिळतात. अडचण वेगळीच आहे. दोष दिसतो फक्त लोडवर, आणि तपासणी होते उभ्या गाडीवर. न्यूट्रलमध्ये रेस दिली तर इंजिनाला ओढायला काहीच नसतं. टर्बोला हवा दाबावी लागत नाही, पंपाला जेमतेम डिझेल पुरवायचं असतं. चिरलेला पाइप, अर्धा चोंदलेला फिल्टर, थकलेला पंप, सगळे तिथे पास होतात.

आधी इंजिनाबाहेरचं उरकून घ्या

पहिला संशय क्लचचा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास या आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि स्पीड तिथेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. जळका वासही येईल. काटा आणि स्पीड दोन्ही एकत्रच, पण आळसावून चढत असतील तर क्लच निर्दोष आहे.

मग ब्रेक. दहा-बारा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक मारत गाडी चालवा आणि थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या, पण डिस्क किंवा ड्रमला थेट हात लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे. टायरमधली हवा बघून घ्या. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लिव्हर खरोखर टू-हायमध्ये (ताकद फक्त दोन चाकांना) आहे ना, तेही बघा. हसू नका, शेतातून गाडी बाहेर काढून तशीच हायवेला लावणारे पाहिले आहेत.

टेंपरेचरचा काटाही नजरेखालून घाला. रेडिएटर आणि त्यापुढच्या एसी कंडेन्सरच्या मध्ये धूळ, किडे आणि गवताची बी बसून नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आतून हवा बंद. चढावर पाणी तापलं की ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) इंजिन वाचवण्यासाठी डिझेल कमी करतो, एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. मालकाला वाटतं टर्बो गेला, आणि गरज असते फक्त पाण्याच्या माऱ्याची, तोही पंख्याच्या बाजूने पुढे.

गाडी परत शुद्धीवर कशी येते, यातच अर्धं उत्तर आहे

"थांबवली की ठीक होते" असं सगळेच सांगतात. कशी ठीक होते, हे कोणी बघत नाही. पुढच्या वेळी गाडी बसली की सुरक्षित जागी बाजूला घ्या, हॅझर्ड लावा, पण किल्ली लगेच फिरवू नका. एकतर चढ चढून तापलेला टर्बो एकदम बंद करणं वाईटच; शाफ्ट फिरत राहतो, तेलाचा पुरवठा थांबतो आणि बेअरिंगमधलं तेल करपतं. म्हणून दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या आणि गाडी बंद न करताच पुन्हा चढावर घेऊन बघा. ताकद आली का?

नसेल आली, तर आता किल्ली पूर्ण बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि लगेच चालू करा. किल्ली फिरवताच गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली, तर समजा की ताकद ईसीएमने स्वतःहून कापली होती. याला लिंप मोड म्हणतात. एखाद्या सेन्सरचा आकडा पटला नाही की ईसीएम डिझेल आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी करून गाडी घरी पोहोचेल एवढीच ठेवतो, आणि किल्ली बंद-चालू केली की बहुतेक वेळा ती बंदी उठते. दोष मात्र तिथेच असतो. बरेचदा चेक इंजिनचा दिवाही लागतो. कधी लागत नाही, पण आत दोषाचा कोड साठलेला असतो, तो स्कॅनर जोडून वाचता येतो.

याउलट, किल्लीने काही फरक पडला नाही, पण दहा-पंधरा मिनिटं उभी केल्यावर किंवा नुसतं आयडलवर ठेवल्यावर ताकद परत आली, तर ती इलेक्ट्रॉनिक भानगड नव्हे. काहीतरी खरोखर अडत होतं आणि जोर कमी झाल्यावर सुटलं. इथे संशयाची सुई डिझेलच्या वाटेकडे वळते.

धूर बघायला मागे माणूस हवा

आरशात नीट कळत नाही. मागच्या गाडीत कोणी असेल तर त्याला सांगा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं आणि हवा कमी: टर्बोनंतरचा पाइप फाटलाय, एअर फिल्टर चोंदलाय, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल नीट न जळता बाहेर पडतंय, इंजेक्टर बघा. आणि धूर अजिबात नाही, पण ताकदही नाही, असं असेल तर इंजिनाला डिझेलच मिळत नाही, किंवा ईसीएमच देत नाही. जुन्या डिझेलने चढावर पूर्ण दाबल्यावर किंचित धूर सोडणं स्वाभाविक आहे. एकदम स्वच्छ सायलेन्सर आणि मेलेली गाडी, ही जोडी लक्षात ठेवा.

डिझेलची वाट

पिंपळगाव बसवंतकडचे आमचे एक नाना द्राक्षवाले आहेत. त्यांची गाडी नेमकी अशीच: धूर नाही, किल्लीने फरक नाही, वाट पाहिली की ठीक. फिल्टर नवा होता, तरीही. मी विचारलं, "नाना, डिझेल कुठून भरता?"

"पंपावरून. अजून कुठून?"

"थेट टाकीत?"

"थेट कसं? ब्लोअरला लागतं, ट्रॅक्टरला लागतं, ड्रम भरून ठेवतो शेडमध्ये. गाडीलाही त्यातूनच टाकतो."

टाकी खाली उतरवली तेव्हा तळाशी गढूळ पाणी होतं, आणि डिझेल खेचणाऱ्या पाइपाच्या टोकाच्या जाळीवर काळा, बोटाला चिकटणारा बुळबुळीत थर. अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने आत दव धरतं आणि ते पाणी तळाला बसतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांचीच ही साय. वर ड्रमचा गंज. हातपंपाचा पाइप ड्रमच्या तळाला टेकलेला असतो, म्हणजे सगळ्यात आधी तोच गाळ गाडीत जातो. सपाट रस्त्यावर इंजिनाला डिझेल थोडं लागतं, जाळीतून तेवढं येतं. चढावर ओढ वाढली की साय जाळीला घट्ट चिकटते, पुरवठा तुटतो, गाडी बसते. थांबलं की ओढ संपते, साय सुटून खाली बसते आणि नाना म्हणतात, "बघ, आता कशी पळतेय!"

टाकी धुतली, जाळी साफ केली, फिल्टर पुन्हा नवा घातला आणि ड्रममधल्या पाइपाचं तोंड तळापासून चार बोटं वर बांधलं. फडक्याने गाळलं म्हणजे झालं, असं समजू नका. फडकं कचरा अडवतं, पाणी नाही. पाण्यासाठी फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू असतो. तो महिन्यातून एकदा काचेच्या बाटलीत सोडून बघा, पावसाळ्यात जास्त वेळा. पाणी खाली वेगळं थर करून बसतं, चटकन दिसतं. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. पाणी गेलं की पंपाच्या आतले भाग घासले जातात, आणि मग प्रश्न फिल्टरच्या किमतीचा राहत नाही.

टाकी उतरवण्याच्या आधी दोन फुकटच्या तपासण्या आहेत. टाकीचं झाकण सैल ठेवून चालवून बघा. झाकणाची किंवा टाकीची हवेची वाट बंद असेल तर आत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. झाकण उघडताना हवा आत घेतल्याचा फुस्स आवाज येतो. दुसरी, फिल्टर ते पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप टाकून इंजिनाला रेस द्या. फिल्टर बदलल्यानंतर थोडे बुडबुडे येतात आणि जातात. सतत येत राहिले तर पंपाच्या आधी कुठेतरी हवा शिरते आहे: फिल्टरचा ओ-रिंग, जुनी क्लिप, प्राइमिंगचा हातपंप. इथे बाहेर डिझेल गळत नाही, कारण दाब उलटा असतो. बाहेरून कोरडं दिसलं म्हणून सोडून देऊ नका.

आणि एक गोष्ट हात जोडून. जुन्या इंजिनांवर इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा पाइप सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायची रीत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असू शकतो, ती चिळकांडी कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, आत बोट जायची वेळ येते.

हवेची बाजू

एअर फिल्टर सगळेच बघतात, पण त्याच्या आधीचा भाग कोणी बघत नाही. बॉक्समध्ये हवा जिथून येते त्या नळीत पालापाचोळा, उंदराचं घरटं, फाटलेली प्लास्टिक पिशवी, काहीही निघू शकतं. सिंहस्थाच्या कामांनी शहरातले रस्ते उकरलेत, मळ्यातल्या कच्च्या रस्त्यांची धूळ वेगळीच. मॅन्युअलमधलं फिल्टरचं अंतर डोळे झाकून पाळायचे हे दिवस नाहीत. मात्र फिल्टर उलटा धरून कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका. कागदाला सूक्ष्म छिद्रं पडतात आणि मग तोच मातीला वाट करून देतो.

टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन, हे जाड रबरी पाइप नीट तपासा. टर्बोतून तेलाचा थोडा अंश नेहमीच हवेबरोबर जातो, त्यामुळे पाइप जिथे चिरतो तिथे बाहेरून तेलकट, धूळ धरलेला डाग दिसतो. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला किंवा क्लिपच्या कडेला असते. थंड गाडीत ती मिटलेली असते, आत दाब आला की ओठ उघडतात आणि बोनेटखालून सूं असा आवाज येतो, काचा खाली करून चढावर गाडी चालवली की ऐकू येतो. चांगल्या गॅरेजमध्ये पाइपाचं एक तोंड बंद करून दुसरीकडून बेताची हवा भरतात आणि साबणाचं पाणी मारतात. पंक्चरवाल्याची युक्तीच ती. एक बारपेक्षा जास्त भरायची नाही.

आता बारीक पाइपांकडे, कारण महागड्या चुका इथेच होतात. सिडकोतल्या एका मित्राच्या गाडीला एका गॅरेजने नवा टर्बो बसवून दिला. काही दिवस बरी चालली आणि कसाऱ्याचा घाट चढताना पुन्हा बसली. किल्ली बंद-चालू केली की ठीक, म्हणजे लिंप मोड. स्कॅनरवर कोड पी-०२९९, बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी. गॅरेज म्हणालं, नवा टर्बोही खराब निघाला असेल, वॉरंटीत बदलून देतो. जुना टर्बो निर्दोष होता की नाही हे आता कोणी सांगू शकत नाही, पण नवा नक्की निर्दोष होता.

अनेक गाड्यांत टर्बोच्या आतली पाती व्हॅक्यूमवर हलतात. इंजिनावरचा व्हॅक्यूम पंप, तिथून पेन्सिलीएवढा रबरी पाइप सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत (ईसीएमच्या हुकमावर चालणारी विजेची झडप), तिथून दुसरा पाइप टर्बोवरच्या ॲक्च्युएटरच्या डबीपर्यंत. व्हॅक्यूम मिळाला की दांडी ओढली जाते, पाती आवळतात, बूस्ट वाढतो. मित्राच्या गाडीत पंपापासून निघालेला पाइप एका ब्रॅकेटच्या धारेवर टेकला होता. बघून काही कळत नव्हतं. पाइप अंगठ्याने दुमडला की बाहेरच्या वळणावर केसाएवढी रेघ उघडायची, सोडला की मिटायची. थंड असताना रबर ताठ, रेघ बंद, व्हॅक्यूम पुरतो. घाटात बोनेटखाली तापलं की रबर मऊ पडतं, थरथरीने रेघ उघडते, व्हॅक्यूम गळतो, पाती सैल होतात. ईसीएम मागतो तेवढा बूस्ट येत नाही आणि लिंप मोड. काही शेकड्यांतले पाइप सगळेच नवे टाकले, ब्रॅकेटच्या धारेला रबराचा तुकडा बांधला. पुढे कसारा बिनतक्रार.

हे तपासायला हाताने चालवायचा, गेज असलेला व्हॅक्यूम पंप लागतो. ॲक्च्युएटरला जोडून पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरपर्यंत ओढा. दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये. काटा पडला तर डायफ्राम फाटलाय. काटा स्थिर पण दांडी अडखळते, तर पातींवर काजळी बसली आहे. मग इंजिनाच्या व्हॅक्यूम पंपाचा आकडा आयडलवर बघा. इथे एक स्थानिक बारकावा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर, इथे हवेचाच दाब सुमारे ७०५ मिलिमीटर; त्यामुळे मॅन्युअलमध्ये ७०० लिहिलं असलं तरी तो इथे दिसणार नाही. सहाशेच्या वर आणि स्थिर असेल तर पंप ठीक. ब्रेकचा बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पिकअपबरोबर ब्रेक पेडलही जड लागत असेल तर आधी इथेच या.

काही गाड्यांच्या टर्बोवर व्हॅक्यूमऐवजी दाबावर चालणारी डबी असते. तिचा पाइप फुटला तर उलटं होतं: वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) उघडत नाही, बूस्ट गरजेपेक्षा वाढतो, आणि ईसीएम त्या भीतीने ताकद कापतो. कोड येतो पी-०२३४. ड्रायव्हरला जाणवतं मात्र तेच, गाडी बसली. म्हणून आपल्या गाडीत कोणती डबी आहे ते आधी विचारून घ्या.

ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला की इंजिनाला ताज्या हवेऐवजी जळालेली हवा मिळते, खालच्या आरपीएमला गाडी मरगळते आणि काळा धूर येतो. काढून साफ करा. "प्लेट मारून बंदच करून टाकू" हा सल्ला ठिकठिकाणी मिळेल. प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत नवा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा कायमचा लागतो, म्हणजे पुढचा खरा दोष दिसायची सोय संपली.

हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर धुळीने आणि तेलाच्या अंशाने खोटं बोलायला लागतो. कपलर काढून गाडी चालवून बघा. काढल्यावर बरी ओढत असेल तर संशय त्याच्यावर. फक्त त्याच्यासाठी मिळणारा स्प्रेच वापरायचा. कार्बोरेटर क्लीनर, ब्रश, फडकं, काही नाही.

स्कॅनर गॅरेजमध्ये नको, घाटात

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी गोष्ट हीच. कोड वाचून पुसणं म्हणजे तपासणी नव्हे. सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे, म्हणजे लाइव्ह डेटा लागतो, आणि तो गाडी ओढत असताना. नव्या गाड्यांना साधं ब्लूटूथ डोंगल चालतं. २०१० च्या आधीच्या गाडीशी ते बोलेलच असं नाही, तिथे त्या कंपनीचा प्रोटोकॉल असलेला स्कॅनर घेऊन मिस्त्रीलाच बरोबर बसवा. त्याच्या दोन तासांचे पैसे द्या, का कू करू नका. आकडे बघणारा वेगळा, चालवणारा वेगळा, हे पक्कं. नांदुरीपासून गडापर्यंतचा सुमारे १० किलोमीटरचा चढ यासाठी उत्तम; सकाळी लवकर, यात्रेचे दिवस सोडून. इगतपुरीहून समृद्धीला लागलं तर १२० च्या मर्यादेत वरच्या वेगाचा अंदाज येतो, पण तिथे चढावरचा खरा लोड मिळत नाही.

निघण्यापूर्वी किल्ली ऑन, इंजिन बंद, आणि मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास दिसेल, नाशिकमध्ये ९४ च्या आसपास, गडावर नव्वदीच्या खाली. नाशिकमध्ये उभ्या गाडीत १०१ किंवा ८५ दाखवत असेल तर सेन्सरच चुकतोय. तो बदलण्याआधी पुढचं काही खरं मानू नका. जाता जाता, "नाशिक उंचावर आहे म्हणून पिकअप कमी" हे कारणही ऐकू येतं. बिनटर्बोच्या इंजिनाला ६०० मीटरवर सहा-सात टक्के हवा कमी मिळते हे खरं, पण टर्बो ती तूट बऱ्यापैकी भरून काढतो. गाडी इथे दुसऱ्या गिअरवर यावी एवढा तो फरक नाही.

मग चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, २५०० आरपीएमच्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर, आणि चार आकडे: रेलचा दाब किती मागितला, किती मिळाला, बूस्ट किती मागितला, किती मिळाला. आयडलवर रेलचा दाब साधारण २५० ते ३५० बार असतो, पूर्ण लोडवर बहुतेक सिस्टिम १२०० ते १६०० पर्यंत नेतात. मॅप सेन्सर लोडवर २०० किलोपास्कलच्या वर जायला हवा. तुमच्या इंजिनाचे नेमके आकडे वेगळे असतील, पण खरा निकाल मागणी आणि पुरवठा यांच्यातल्या फरकावर लागतो.

रेलचा मिळालेला दाब मागणीच्या मागे शंभर-दोनशे बारनी रखडत असेल, तर दोष डिझेलच्या बाजूला. पी-००८७ हा कोडही तेच सांगतो. जाळी, फिल्टर, हवा शिरणं, हे निस्तरल्यावरही फरक राहिला तर मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा), पंप, किंवा इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल. शेवटच्यासाठी सोपी तपासणी आहे: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावून इंजिन चालवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली की तो इंजेक्टर दाब गिळतोय. चारही बदलायची गरज नसते.

रेल बरोबर आणि बूस्ट मागे, तर हवेची बाजू: पाइप, व्हॅक्यूम, सोलेनॉइड, शेवटी टर्बो. टर्बो निकामी ठरवण्याआधी पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघा, इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना. किंचित वर-खाली हलणं चालतं, पुढे-मागे खेळ जाणवता कामा नये, पंखा कडेला घासलेला नसावा.

तिसरी शक्यता सगळ्यात फसवी. दोन्ही पुरवठे मागणीशी तंतोतंत जुळतात, पण मागणीच कमी आहे. म्हणजे पंप, टर्बो, इंजेक्टर सगळे आज्ञाधारक, आणि ईसीएमच थोडं मागतोय. तो तुमचा पाय ओळखत नाही किंवा कशाला तरी घाबरलाय. पेडलचा टक्का स्कॅनरवर बघा. पूर्ण दाबल्यावर शंभरीजवळ जात नसेल तर आधी मॅट पेडलखाली अडकलंय का बघा, मग सेन्सर. पेडलमध्ये दोन ट्रॅक असतात, अनेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा. नातं बिघडलं की ईसीएम लिंप मोडला जातो. ब्रेक स्विच अडकला असेल तर ईसीएमला वाटतं तुम्ही ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबलेत, आणि काही गाड्यांत तो ताकद कापतो. मागचा ब्रेकलाइट सतत जळत असेल तर ही शंका लगेच खरी ठरते. टेंपरेचर सेन्सर आणि हवेचा सेन्सर यांचेही आकडे याच वेळी बघून घ्या.

चारही आकडे जुळतात, मागणीही पूर्ण आहे, तरी गाडी ओढत नाही, असं क्वचित होतं. तेव्हा सायलेन्सरकडे बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळला किंवा काजळीने चोंदला की धुराला वाट मिळत नाही, एक्झॉस्टचा आवाज दबका येतो आणि कन्व्हर्टर नेहमीपेक्षा जास्त तापतो. बॅक प्रेशर गेज लावून खात्री होते. तिथेही काही नाही, तर कॉम्प्रेशन टेस्ट, आणि मग इंजिन उघडायचा विषय.

मिस्त्रीकडे जाताना "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. किती आरपीएमला बसते, धूर कुठला, किल्लीने उठते की वाट पाहून, आणि चढावरचे चार आकडे कागदावर लिहून द्या, मोबाइलमध्ये स्क्रीनचा फोटो असेल तर उत्तम. काम झाल्यावर त्याच चढावर, तेवढीच माणसं घेऊन, त्याच गिअरला पुन्हा तेच आकडे घ्या आणि जुन्यांशेजारी लिहा. फरक मिटला नसेल तर बदललेला पार्ट परत करायची बोलणी त्याच दिवशी करा.